मितालीचं लॉगिन

मितालीला मी आयुष्यात चार महिने पाहिलं आणि तिचं नाव आठ वर्षं वापरलं.

जाताना ती म्हणाली होती, "पासवर्ड माझ्या मांजरीचं नाव आहे हं, बदलू नको, मला विसरायला होतं." मग ती लग्न करून पुण्याला गेली. मांजर एव्हाना मेली असेल. पासवर्ड तोच राहिला.

इंदूरला पलासियाच्या मागच्या गल्लीत आमचं डोळ्यांचं रुग्णालय आहे. आमचं म्हणजे ट्रस्टचं, आणि ट्रस्टचं म्हणजे डॉक्टर अच्युतरावांचं. खाली ओपीडी, वर ऑपरेशन थिएटर, आणि जिन्याखाली, जिथे बाकीच्या इमारतींमध्ये झाडू ठेवतात, तिथे तीन कॉम्प्युटर आणि मी. मोतीबिंदूचं प्रत्येक ऑपरेशन दिल्लीच्या एका संस्थेच्या साइटवर नोंदवावं लागतं. रुग्णाचं नाव, वय, कुठला डोळा, आधी किती दिसत होतं, नंतर किती दिसायला लागलं. नोंदी झाल्या नाहीत तर संस्था मान्यता काढून घेते. आणि नोंद करायचा हक्क फक्त त्या ऑपरेटरचा, ज्याने दिल्लीत तीन दिवसांचं ट्रेनिंग घेतलंय. आमच्याकडून मिताली गेली होती, कारण ती अच्युतरावांची पुतणी. मी ठेकेदाराच्या यादीतून आलेली. हुद्दा, आया. लोकांच्या डोळ्यांत थेंब टाकायचे आणि म्हाताऱ्यांचे हात धरून त्यांना जिना चढवायचा, हे माझं काम.

मिताली गेल्यावर अच्युतराव मला म्हणाले, "पंचशीला, तू बी.कॉम. आहेस ना? दोन महिने तेवढं सांभाळून घे. मग दुसऱ्या कुणाला तरी ट्रेनिंगला पाठवू." हे २००३ साली. मी सांभाळून घेतलं. एकदा सांभाळून घेतलं की माणसं विसरतात की आपण काहीतरी सांभाळायला दिलं होतं.

ते तीन कॉम्प्युटर कुठून आले तेही सांगते. इथल्या कापड मिलवाल्यांना मिल बंद करायच्या दोन वर्षं आधी अचानक आधुनिकीकरण सुचलं. देशात सगळीकडे खुलेपणाचे वारे होते, पेपरात रोज तेच. मग लूम जुनेच ठेवले, गळकं छप्पर तसंच ठेवलं आणि टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी लागते तिथे, कॉम्प्युटर बसवले. २००१ साली मिलला टाळं लागलं, सामानाचा लिलाव झाला आणि अच्युतरावांनी तीन कॉम्प्युटर उचलून आणले. माझ्या समोरच्या डब्यावर अजून पिवळी पट्टी होती: टाइम ऑफिस २.

त्याच मिलमध्ये माझे बाबा, शंकरराव, अकरा वर्षं लूमवर उभे होते. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी त्या मशीनमध्ये बाबांचं नाव शोधलं. हजेरीची फाइल तशीच पडलेली, पुसायची तसदीही कुणी घेतली नव्हती. विणाई खातं, दुसरी पाळी, दोनशे सतरा नावं. त्यात शंकरराव नव्हते. नसणार हे मला पक्कं माहीत होतं, तरी शोधलं. बाळकृष्ण मात्र होते. एकही खाडा नाही.

बाळकृष्ण म्हणजे जुनी इंदूर भागातले एक विणकर. कापसाच्या धुळीने त्यांची छाती गेली, लूमपुढे उभं राहवेना. बाबा तेव्हा बदली कामगार, म्हणजे रोज फाटकाशी उभं राहायचं आणि कुणी आलं नाही तर त्याच्या जागी आत जायचं. जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, तोड काढली. शंकर, तू बाळकृष्णाच्या नावाने येत जा. त्याची नोकरी राहील, तुझं रोजचं काम पक्कं होईल, थोड्या दिवसांत तुझं नाव लावून टाकू. ते थोडे दिवस अकरा वर्षं चालले. रोज हजेरीवाला "बाळकृष्ण" म्हणायचा आणि माझे बाबा म्हणायचे, "हजर."

पण बाबांनी एक केलं होतं. प्रत्येक थानाच्या, म्हणजे ताग्याच्या, सुरुवातीला, किनारीत, बोटभर लांबीचा निळा धागा घालायचे. कापडाला त्याने काही होत नाही, ते टोक पुढे कापूनच टाकतात. पण तपासणी खात्यातल्या लोकांना कळायचं की चिठ्ठीवर नाव कुणाचंही असो, हे थान शंकरचं. निळाच का, असं मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आपला रंग आहे, बेटा." भीमजयंतीला महूला जाताना आमच्या हातात जो झेंडा असायचा, त्याचा रंग.

मिल बंद झाली त्या दिवशी फाटकावर एकेकाचं नाव पुकारून हिशेबाचे कागद देत होते. युनियनवाल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, जे दुसऱ्याच्या नावाने काम करतात त्यांनी आज आपलं खरं नाव सांगा, साक्षीदार उभे आहेत, पुन्हा संधी नाही. बाबा रात्रभर घरात पाठ करत होते, मी शंकर, विणाई खातं, अकरा वर्षं. आणि फाटकावर कारकून ओरडला, "बाळकृष्ण!" बाबांच्या तोंडून निघून गेलं, "हजर." कारकुनाने खूण केली. झालं. पुढे जेव्हा जेव्हा त्यांनी दाद मागितली तेव्हा हाच कागद पुढे आला. तुम्हीच तर हजर म्हणालात. त्यानंतर बाबांनी कुठल्याही पुकाऱ्याला ओ दिली नाही. रेशनच्या दुकानात नाव घेतलं की ते मलाच पुढे ढकलतात.

मला बाबांचा फार राग यायचा. एक शब्द, तोही धड बोलता आला नाही, असं मी त्यांना एकदा तोंडावर म्हटलेलं आहे. ते आठवलं की आता मन खातं.

असो. माझ्या कॉम्प्युटरांचं सांगते.

२००६ पासून रड सुरू झाली. संस्थेची साइट नवी झाली आणि म्हणू लागली, आपका ब्राउज़र पुराना है. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण साइट बघतो तो प्रोग्रॅम. तो नवा टाकावा तर तो म्हणे, तुमचं विंडोज जुनं. विंडोज ९८ होतं ते, मिलच्या वेळचं. नवं विंडोज टाकावं तर मशीन म्हणे, माझ्यात तेवढी ताकद नाही. आणि मशीन बदला म्हणावं तर अच्युतराव म्हणत, "चालून राहिलंय ना? मग कशाला?" शिवाय लेन्सचा नंबर काढायचं यंत्र त्याच जुन्या डब्याला जोडलेलं, त्याचा प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालेचना. अशी चारी बाजूंनी दारं बंद, आणि आत मी, हातात पस्तीस रुग्णांचे कागद.

मी डिक्शनरी मांडीवर घेऊन इंटरनेटवर परदेशी लोकांचं वाचायला बसले. जगात आपल्यासारखे पुष्कळ आहेत हे तिथे कळलं. कुणी जर्मनीतला म्हातारा, कुणी ब्राझीलचा मास्तर, सगळे जुन्या मशीनला नवा ब्राउझर कसा पाजावा याच काळजीत. तिथे एक गंमत समजली. कुठल्याही साइटच्या दारात गेलं की ब्राउझर आधी आपलं नाव सांगतो. मी अमुक, माझा नंबर तमुक, मी या विंडोजवर चालतो. साइट ते ऐकून आत घेते किंवा हाकलते. बाकी काही तपासत नाही. आणि हे नाव आपल्याला बदलता येतं. ब्राउझरच्या पोटात एक ओळ असते, तिच्यात जे लिहू तेच तो दारात सांगतो.

मी त्या ओळीत नव्या ब्राउझरचं नाव लिहिलं. साइटने मुकाट्याने आत घेतलं. मी जिन्याखाली एकटीच हसले, आणि मग हसू थांबलं, कारण हे सगळं मला फार ओळखीचं होतं.

त्याच महिन्यात दिल्लीहून एक जाड पाकीट आलं. सोनेरी कडेचं प्रमाणपत्र, उत्कृष्ट ऑपरेटर, मध्य प्रदेश, मिताली. एका वर्षात एकही चूक नाही म्हणून. अच्युतराव खूश झाले. म्हणाले, "हे पुण्याला कुरियर करून टाक, घरात लावेल बिचारी." मी ते पुठ्ठ्यात घालून नीट बांधलं, पत्ता लिहिला आणि कुरियरवाल्याकडे देऊन आले. परत आले आणि न जेवता मशीनपुढे बसले. भूक नाही असं मी स्वतःला सांगितलं, पण ते खोटं होतं. मला संताप आला होता.

मग मी ती ओळ पुन्हा उघडली. खोट्या नावाच्या शेवटी एक जागा सोडून, इंग्रजी अक्षरांत माझं नाव लिहिलं. पंचशीला. साइट फक्त सुरुवातीचा भाग वाचते, शेपटाकडे कुणी बघत नाही, हे त्या जर्मन म्हाताऱ्याकडून कळलं होतं. तिन्ही मशीनवर लिहिलं. ऑगस्ट २००६. पुढे दोनदा ब्राउझर बदलला, परदेशातल्या हौशी लोकांनी बनवलेला एक प्रोग्रॅम टाकून विंडोज ९८ ला नव्याचं सोंग घ्यायला लावलं, सकाळी मशीन सुरू व्हायला चहा पिऊन होईपर्यंतचा वेळ लागायला लागला, पण ते शेपूट मी प्रत्येक वेळी आधी लावलं. कुणासाठी नव्हतं ते. कुणी वाचेल असं डोक्यातही नव्हतं.

२०११ च्या ऑक्टोबरात सरकारी कॉलेजची जाहिरात आली. डेटा एंट्री ऑपरेटर, कायम पद. बी.कॉम. चालेल, टायपिंग हवं, आणि पाच वर्षं याच कामाचा लेखी अनुभव. वयाची अट आम्हा राखीववाल्यांना पंचेचाळीस. मला फेब्रुवारीत पंचेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे हीच एक, यापुढची कुठलीही जाहिरात माझी नव्हती. अर्जाची शेवटची तारीख तीस नोव्हेंबर.

मी अच्युतरावांकडे गेले. म्हटलं, "सर, मला अनुभवाचं प्रमाणपत्र द्या. ऑपरेटर म्हणून."

ते वाईट माणूस नाहीत. दर दिवाळीला बाबांचे डोळे फुकट तपासतात, स्वतः. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अगं, कागदावर तू आया आहेस. आया म्हणून लिहून देतो, छान लिहितो."

"आया म्हणून काय करू? नोंदी कुणी केल्या?"

"मितालीने."

"सर!"

"ओरडू नको ना यार. साइटवर कुणाचं नाव आहे? मी तुझं लिहून दिलं तर उद्या दिल्लीवाले विचारतील, मग आठ वर्षं मिताली कोण होती? मान्यता जाईल. गरिबांची ऑपरेशनं बंद पडतील. तुला चालेल?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "आणि खरं सांगू? तू गेलीस तर ही मशीनं कोण चालवणार? तुझ्याशिवाय एकालाही ती सुरू करता येत नाहीत. तू आहेस म्हणून तर नवी घ्यावी लागली नाहीत."

मी खाली येऊन जिन्याखाली बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. मी जितकी हुशारी लढवली तितकी जास्त अडकले. पहिल्याच वर्षी मी हात टेकले असते तर नवी मशीनं आली असती, दिल्लीला नवं माणूस गेलं असतं, कदाचित मीच गेले असते. मीच तो डबा ढकलत ढकलत इथवर आणला होता, आणि त्याच्यामागे मीच भिंतीशी दाबली गेले होते. जिन्यावरून लोक वरखाली करत होते, त्यांची धूळ माझ्या डोक्यावर पडत होती. आठ वर्षं पडत होती.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "शीला, आया म्हणून दिलंय ते घेऊन ठेव. काहीच नसण्यापेक्षा..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं. मी जेवले नाही.

एकवीस नोव्हेंबरला सकाळी लॉगिन उघडेना. पासवर्ड बरोबर, मांजरीचं नाव बरोबर, आणि साइट म्हणते, खाता अस्थायी रूप से बंद. मी वर कळवलं. अच्युतराव धावत खाली आले. ऑपरेशनं चालूच होती, रजिस्टरमध्ये हाताने लिहून ठेवत होतो, त्यामुळे रुग्णांचं काही अडलं नव्हतं. पण अच्युतरावांच्या कपाळावर घाम होता. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं आणि मला खूण केली, बोल.

"हेल्पडेस्क से विक्रांत बोल रहा हूँ, दिल्ली से. मिताली मैडम?"

"जी, बोल रही हूँ," मी म्हटलं.

आठ वर्षं त्या फोनवर मी हेच म्हणत आले होते. विचार करायला वेळच मिळाला नाही, शब्द निघूनही गेला.

"मैडम, हम नई साइट पर जा रहे हैं, इसलिए पुराना रिकॉर्ड चेक हो रहा है. आपके लॉगिन में कोई और घुसा हुआ है. अगस्त २००६ से. आपकी हर एंट्री के पीछे ब्राउज़र के नाम में एक और नाम चिपका हुआ आ रहा है. पंचशीला. ये कौन है, आप जानती हैं?"

पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते नाव वाचलं होतं, आणि ते विचारत होतं की ही चोर कोण.

अच्युतरावांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं समजलं नसेल, पण नाव समजलं. त्यांनी टेबलावरचा औषधांच्या चिठ्ठ्यांचा पॅड ओढला, घाईघाईत काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं. डॉक्टरी अक्षर, तरी वाचता आलं. *सांग, एक आया होती. काढून टाकली.*

"मैडम? आप लाइन पर हैं?"

सोपं होतं. एक आया होती, म्हणायचं. लॉगिन सुरू झालं असतं, मी त्या जिन्याखाली पुन्हा बसले असते, साठीपर्यंत. आणि मी मिताली म्हणून ओ तर दिलीच होती. मला फाटक दिसलं, बाबा दिसले, हातात पिशवी, रात्रभर पाठ केलेलं वाक्य तोंडात आणि तोंडातून भलताच शब्द. मी त्यांना काय काय बोलले होते.

"भिया," मी म्हटलं, "मैं मिताली नहीं हूँ. अभी जो बोला, वो आदत से बोला. मैं पंचशीला हूँ."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "मतलब... आप ही?"

"मैं ही. पहले दिन से मैं ही. २००६ के पहले के तीन साल भी मैं थी, वो आपको दिखेगा नहीं."

"मैडम, फिर तो मुझे ये लॉगिन परमानेंट बंद करना पड़ेगा. और हॉस्पिटल को लिखित शिकायत भेजनी पड़ेगी, आपके नाम से."

"भेजिए," मी म्हटलं. "तारीख़ें पूरी लिखिएगा. और नाम भी."

फोन ठेवल्यावर अच्युतराव स्टुलावर बसले. ओरडले नाहीत. "काय करून बसलीस गं हे," एवढंच म्हणाले, दोनदा. मी म्हटलं, "सर, मितालीला बोलवा. ती ट्रेन्ड आहे." बोलले आणि माझं मलाच बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस सांगून गेला, कल से मत आना. आठ वर्षांचा जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली उचलून मी घरी आले. आता नोकरीही नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हतं. बाबांना म्हटलं, "मी सांगितलं." त्यांनी विचारलं, "काय?" मी म्हटलं, "माझं नाव." मग स्वतः उठून त्यांनी माझं ताट वाढलं.

सव्वीस तारखेला अच्युतरावांचा फोन. आवाज पडलेला. पत्र ईमेलने पाठवलंय असं दिल्लीहून फोनवर सांगितलं होतं आणि ते उघडायचं कसं हे रुग्णालयात एकालाही माहीत नव्हतं. मशीन सुरूच होत नव्हतं. "तेवढं येऊन उघडून देते का?"

गेले. बटण दाबलं. बाहेर टपरीवर जाऊन चहा घेतला, परत आले, तोवर मशीन उठलं होतं. माझ्याविरुद्धची तक्रार मीच उघडली, माझंच नाव लावलेल्या ब्राउझरमधून. मान्यता गेली नव्हती. एका महिन्यात नवा ऑपरेटर ट्रेनिंगला पाठवा आणि नवी मशीनं घ्या, अशी सक्त ताकीद होती. त्याखाली दुसरा परिच्छेद होता, तो मी उभ्यानेच वाचला. मग पत्र दोनदा छापलं. एक प्रत अच्युतरावांना दिली, दुसरीवर त्यांच्याकडूनच रुग्णालयाचा शिक्का मारून घेतला. म्हटलं, "पत्र मिळाल्याचा शिक्का, सर. नियम आहे." त्यांनी न वाचता मारला.

तीस तारखेला बाबा म्हणाले, मी पण येतो. कॉलेजच्या कचेरीत रांग होती. बाबांना भिंतीकडच्या बाकावर बसवलं आणि मी उभी राहिले. खिडकीशी माझा नंबर आला तेव्हा दुपारचे तीन झाले होते. आत चिंतामण नावाचे कारकून होते, नावाची पाटी समोरच होती. त्यांनी मार्कशीट बघितली, जातीचा दाखला बघितला, जन्मतारीख बघून बोटांवर वय मोजलं.

"अनुभव प्रमाणपत्र?"

मी पत्र दिलं. ते वाचू लागले. मराठी असावेत, कारण भुवया वर गेल्यावर मराठीतच बोलले.

"अहो, ही तर तुमच्याविरुद्ध तक्रार आहे."

"हो."

"मग प्रमाणपत्र कुठाय?"

"तेच. दुसरा परिच्छेद बघा."

त्यांनी बघितला, ओठ हलवत, मग शेजारच्यालाही ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचला. "पंचशीला नामक अनधिकृत व्यक्ति ने दिनांक ९ अगस्त २००६ से २० नवंबर २०११ तक, लगातार, उक्त लॉगिन पर डेटा एंट्री ऑपरेटर का कार्य किया. कुल प्रविष्टियाँ इकतीस हज़ार चार सौ आठ. जाँच में सात त्रुटियाँ पाई गईं." शेजारच्याने टाइप करता करता मान वर केली आणि म्हणाला, "सात? अपने यहाँ तो रोज़ की सात हैं."

चिंतामण हसले नाहीत. त्यांनी पत्राची तारीख बघितली, संस्थेचं नाव बघितलं, खालचा रुग्णालयाचा शिक्का बोटाने चाचपून बघितला. "पाच वर्षं तीन महिने होतात," ते म्हणाले. "अनधिकृत लिहिलंय. पण केलं नाही असं कुठे लिहिलं नाहीये. लेखी अनुभव मागितलाय, हे लेखी आहे. बाकी कमिटी काय ते ठरवेल, मी घ्यायचं नाही असं म्हणू शकत नाही." आणि त्यांनी अर्जाला टाचणी मारली. "बसा तिकडे. पावतीला नाव पुकारीन."

मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे खिडकीतलं त्यांना काही कळलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि रडू आलं. त्यांनी माझा हात धरला. समोर एकेक नाव पुकारलं जात होतं, माणसं उठत होती, पावती घेऊन जात होती.

मग चिंतामणांनी रजिस्टरवरून नजर न काढता, अर्जावर जसं लिहिलं होतं तसं, माझं आणि वडिलांचं, पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं.

"पंचशीला शंकरराव!"

मी डोळे पुसत उठेपर्यंत शेजारून आवाज आला. मोठा, मिलच्या खडखडाटावर चढवायची सवय असलेला.

"हजर!"

बाबा उभे होते.